सहा की दहा?

आई सिन्नर तालुक्यातल्या एका गावात, मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला. आईला मधुमेह, इन्शुलिन चालू. आदल्या दिवशी मुलगाच तिचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेला होता. तिचं जेवण कमी झालंय हे ऐकून डॉक्टरांनी सकाळची मात्रा आठ युनिटवरून सहावर आणली. रात्री घरी सांगायचं राहून गेलं. सकाळी मशीन सुरू असतानाच त्याने फोन लावला, "आई, आजपासून सहा घे, सहा." आई "बरं बरं" म्हणाली आणि तिने दहा युनिट घेतलं. वर खाल्ली अर्धी भाकरी. अकराच्या सुमारास शेजारीण ताक मागायला आली, तर आई ओसरीवर घामाने चिंब, बोलणं अडखळतंय, समोर कोण आहे तेही नीट कळत नाही. शेजारणीच्या घरातही साखरेचा आजार असल्याने तिने वेळ न घालवता साखरेचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने आई माणसात आली.

संध्याकाळी घरात वाजलं ते वेगळ्याच कारणावरून. मुलगा म्हणाला, "आई लक्ष देऊन ऐकतच नाही." आई म्हणाली, "तू कायम घोड्यावर बसूनच फोन करतोस."

मधुमेहाच्या ओपीडीत काम करणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. गाव, नातं आणि आकडा तेवढा बदलतो. फोनवरच्या अशा कुरबुरी आपण स्वभावाच्या किंवा संस्काराच्या खात्यात टाकून मोकळे होतो. हा ओरडतो, ती मधेच तोडते, ते ऐकतच नाहीत. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ कानात, मेंदूत आणि खुद्द फोनच्या तारेत असतं. ते कळलं की निम्मी भांडणं मिटतात, आणि काही वेळा जीवही वाचतो.

आधी त्या 'सहा'चं काय झालं ते पाहू. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. टेलिफोनची रचना झाली तेव्हा एवढा सगळा पट्टा तारेतून नेणं परवडणारं नव्हतं. बोलणं समजण्यापुरता भाग ठेवायचा आणि बाकीचा कापायचा, असं ठरलं. तो ठेवलेला भाग सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झचा. स्वरांना तो पुरतो. पण 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती त्यांच्या फुसफुशीवरून, आणि 'स'ची फुसफुस बहुतांशी ४,००० हर्ट्झच्या वरच असते. म्हणजे फोनवर 'सहा' म्हटलं की 'स'चा मोठा भाग वाटेतच गळतो. पलीकडे पोहोचतो तो काहीतरी पुसट आरंभ आणि त्यापुढचं ठणठणीत 'हा'. उरलेली जागा मेंदू भरतो, आणि तो नेहमी सवयीचा किंवा अपेक्षेतला शब्द भरतो. आईला वाटत होतं की साखर वाढलीय, मात्रा वाढणारच. तिला 'दहा' ऐकू आलं. साठ आणि आठ यांचंही असंच. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांच्यात तर सुरुवात सारखीच असते, आणि मधेच आवाज तुटला की दहा वर्षं इकडची तिकडे होतात.

आता ४जीवरच्या नव्या फोनमध्ये हा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत रुंदावला आहे. त्यालाच कंपन्या 'एचडी' आवाज म्हणतात. पण त्यासाठी दोन्ही टोकांना तशी सोय हवी. एका बाजूला जुना बटणांचा फोन किंवा अशक्त नेटवर्क असलं की संभाषण पुन्हा जुन्याच अरुंद बोळात येतं. त्यात यंत्रांची घरघर मिसळली तर विचारायलाच नको.

रुग्णालयांत यावर एक साधी रीत आहे. वरिष्ठांनी फोनवर औषध सांगितलं की सिस्टर ते लिहून घेते आणि लिहिलेलं परत वाचून दाखवते. पलीकडून "बरोबर" आल्याशिवाय औषध दिलं जात नाही. घरी हे करायला लाजण्याचं कारण नाही. "बरं बरं" हे उत्तर ऐकणाऱ्याने ऐकलं एवढंच सांगतं. काय ऐकलं ते सांगत नाही. आणि आकडा एकट्याने पाठवू नये. "सहा, पाचानंतरचा सहा" असं म्हटलं की 'दहा' ऐकू यायची सोयच राहत नाही.

जाता जाता एक आवश्यक गोष्ट: इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला घाम फुटला, थरथर झाली, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर कमी झालीय असं समजून चालावं. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर काहीतरी खायला द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नये, सरळ रुग्णवाहिका बोलवावी.

आता ओरडणाऱ्या आजोबांकडे वळू. प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. गॅलरीत उभे राहून पुण्यातल्या लेकीशी असे बोलतात की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. घरातले म्हणतात, "हळू बोला ना, सगळी बिल्डिंग ऐकतेय." दोन दिवस आजोबा रुसतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आपण किती मोठ्याने बोलावं हे ठरवतो तो आपलाच कान. गोंगाट वाढला की आवाज आपोआप चढतो. ठरवून चढवावा लागत नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, म्हणून त्याला लोंबार परिणाम म्हणतात. कान अधू झाला की हा मोजमापाचा काटाच बिघडतो. जुन्या काळ्या डायलच्या फोनमध्ये आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येत असे, त्यामुळे बोलणाऱ्याला अंदाज राहायचा. मोबाइलवर, विशेषतः बाहेरच्या आवाजात, तो आधार कमी मिळतो.

वयोमानाने येणारा बहिरेपणा आधी वरच्या पट्टीचे आवाज खातो. म्हणजे फोनने जे कापलं त्यावर वय आणखी कात्री लावतं. अशी माणसं म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." ही तक्रार शब्दशः खरी असते. स्वर पोहोचतात, व्यंजनं नाहीत. अशा माणसाशी किंचाळून बोललं तर स्वरच आणखी मोठे होतात, शब्द स्पष्ट होत नाहीत. आवाज थोडा खाली आणून, सावकाश, एकेक वाक्य सोडत बोललं तर पुष्कळ काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या चारांतल्या एकाहून अधिक माणसांना त्रासदायक म्हणावा इतका बहिरेपणा असतो. त्यातले बरेच जण कधीच तपासणी करत नाहीत, कारण समोरासमोर त्यांचं निभतं. समोरच्याचे ओठ, चेहरा, हातवारे पाहून ते वाक्य पुरं करतात. फोनवर ही कुबडी नसते. म्हणून कानाचा आजार सगळ्यात आधी फोनवर उघडा पडतो. जो माणूस हल्ली फोन टाळतो, किंवा आला की लगेच सुनेकडे देतो, त्याला तुसडा ठरवण्याआधी एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती होते.

यातली एक गोष्ट मात्र थांबून चालणारी नाही. सकाळी फोन नेहमीच्या कानाला लावला आणि एकदम काहीच ऐकू येईना. दुसऱ्या कानाला लावला तर स्वच्छ. माणूस आधी फोनला शिव्या देतो, मग मळ झाला असेल म्हणून कानात तेल घालतो आणि आठ-दहा दिवस वाट पाहतो. पण मळ किंवा सर्दी नसताना एका कानाची श्रवणशक्ती अशी तासांत किंवा दोन-तीन दिवसांत जाणं ही कानाच्या नसेची तातडीची दुखापत असू शकते. तिच्यावर स्टिरॉइडचे उपचार आहेत, ते जितके लवकर सुरू होतील तितकी कान परत येण्याची आशा जास्त. पहिले दोन आठवडे महत्त्वाचे. अनेकांना या आजाराचा पहिला पत्ता फोनवरच लागतो. त्याच दिवशी दाखवावं.

फोनचा त्रास बोलणाऱ्या दोघांपुरता मर्यादित राहत नाही. नाशिककरांना पंचवटी एक्स्प्रेस वेगळी सांगायला नको. १९७५ पासून मनमाडहून नाशिकरोडमार्गे मुंबईला जाणारी ही गाडी हजारो पासधारकांचं दुसरं घर आहे. जायला साडेतीन तासांच्या आसपास, यायला तेवढेच. याच गाडीत पासधारकांनी रेल परिषदेच्या पुढाकाराने एक 'आदर्श' डबा चालवला. मोठ्याने बोलायचं नाही, मोबाइलचा आवाज बंद ठेवायचा, कचरा करायचा नाही. लिम्का बुकातही त्याची नोंद झाली. बाहेरच्यांना हा शिस्तीचा अतिरेक वाटला असेल. रोज सात तास रुळांवर काढणाऱ्या माणसाला तो तसा वाटणार नाही.

शेजारी दोन माणसं गप्पा मारत असतील तर आपल्याला झोप लागते, पण एकच माणूस फोनवर बोलत असेल तर लागत नाही. असं का? अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये हे तपासलं. लोकांना एकाग्रता लागणारी कामं दिली आणि मागे कधी पूर्ण संवाद, कधी फक्त एका बाजूचं बोलणं ऐकवलं. पूर्ण संवादाने काम बिघडलं नाही. अर्ध्या संवादाने बिघडलं. मेंदू सतत पुढचा शब्द ओळखण्याच्या मागे असतो. दोन्ही बाजू ऐकू आल्या तर त्याला अंदाज बांधता येतो आणि तो निर्धास्त होतो. "हो... नाही... अगं पण तेव्हा तर... काय सांगतेस!" एवढंच ऐकू आलं की तो मधल्या गाळलेल्या जागा भरत बसतो. आपली इच्छा असो वा नसो. गंमत म्हणजे, तोच आवाज शब्द कळणार नाहीत असा पुसट करून ऐकवल्यावर त्रास नाहीसा झाला. म्हणजे डोकं उठवतं ते आवाजाच्या पट्टीपेक्षा त्यातलं अर्धवट कळणं. हळू बोलल्याने फरक पडतो तो शब्द कळेनासे होतात म्हणून.

कामाच्या जागी याची किंमत वाढते. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मोबाइल वापराच्या सूचनाच काढल्या. कामापुरताच मोबाइल वापरा, शक्यतो कार्यालयातला दूरध्वनी वापरा, सौम्य आवाजात बोला, खासगी फोन बाहेर जाऊन घ्या. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात एक फेरी मारली तर या सूचनांमागचं कारण दिसतं. सिस्टर औषधांच्या ट्रेवर उभी आहे. एक नातेवाईक हातातला फोन पुढे करतो, "सिस्टर, मामांशी बोला ना जरा, ते मुंबईला असतात." दुसऱ्या खाटेवर व्हिडिओ कॉल चालू आहे. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी ७२० रुग्णांना ४,२७१ वेळा औषधं देताना केलेलं निरीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. काम मधेच तोडण्याची दर खेप औषधातल्या चुका सुमारे १२.७ टक्क्यांनी वाढवत होती. सगळे व्यत्यय फोनचे नव्हते, पण मेंदूला व्यत्यय कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. तो हातातला धागा सोडतो आणि परत येताना एखादी गाठ चुकवतो. फोन उचलावाच लागतो असंही नाही. फ्लोरिडातल्या एका प्रयोगात नुसती सूचनेची घंटी वाजली, लोकांनी फोनला हातही लावला नाही, तरी एकाग्रता ढासळली. मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय केंद्रात विचारणा केली तेव्हा शंभरांतल्या ६८ कर्मचाऱ्यांनी सांगितलं की, फोन वाजलेला नसताना तो खिशात थरथरल्याचा भास होतो. हा आजार नाही, मेंदूला लागलेली पहाऱ्याची सवय आहे.

रुग्णासोबत बसणाऱ्याचे हाल वेगळे. सुरगाण्याहून किंवा पेठहून रुग्णाला नाशिकला आणलेलं असतं. सोबत एकटी वहिनी, रात्रभर जागलेली. सकाळपासून चुलते, आत्या, मेव्हणे, सरपंच, प्रत्येकाचा फोन आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. काळजीपोटीच करतात सगळे. पण त्या फोनांमध्ये डॉक्टरांची फेरी निसटते, रक्त आणायची चिठ्ठी खिशात राहते आणि फोनची बॅटरी संपते ती नेमकी गरजेच्या वेळी. घरातल्या एकाच जाणत्या माणसाने वहिनीला दिवसातून दोनदा फोन करावा आणि बाकीच्यांना त्याने कळवावं, एवढी व्यवस्था पाहुण्यांनी गावीच ठरवली तर तिच्यावर मोठे उपकार होतील. आणि जिन्यात उभं राहून, स्पीकर चालू ठेवून "टीबी निघालाय हो" असं सांगू नये. खाली रांगेत त्याच गावची दोन माणसं असतात. मुलगी लग्नाची असेल तर तो एक फोन तिला टीबीपेक्षा जास्त दिवस पुरतो. टीबी तर साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधांनी बरा होतो.

फोन उचलल्यावर काय म्हणावं हा वाद टेलिफोनइतकाच जुना आहे. ग्रॅहॅम बेलला 'अहॉय' हा खलाशांचा शब्द हवा होता. एडिसनने 'हॅलो' धरला आणि तोच जगभर गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. पहिला शब्द कोणता हे ज्याचं त्याने ठरवावं. वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचा आहे तो दुसरा शब्द, म्हणजे बोलणाऱ्याचं नाव. आपल्याकडे फोन करणाराच आधी विचारतो, "कोण बोलतंय?" आणि जरा जवळचा असेल तर कोडं घालतो, "ओळखलंत का?" तरुणाला हे फार तर वैतागवाणं. पण ज्या आजींना अरुंद पट्ट्यातून आवाज ओळखता येत नाही, ज्यांची स्मृती थोडी विरळ होऊ लागली आहे, त्यांच्यासाठी ती रोजची तोंडी परीक्षा असते. नापास व्हायची लाज वाटते, म्हणून त्या म्हणतात, "हो हो, ओळखलं की!" आणि पुढचं सगळं अंधारात ऐकतात.

याच खिडकीतून ठग आत शिरतात. "मावशी, ओळखलं का? तुमचा भाचा बोलतोय, नंबर बदललाय, दवाखान्यात आहे, पैसे पाठवा." मावशींना 'हो' म्हणायची सवय आपणच लावलेली असते. घरातला प्रत्येक जण फोनवर आधी नाव सांगत असेल, तर नाव न सांगणारा आपोआप परका वाटू लागतो. फसवणूक झालीच तर १९३० वर जितक्या लवकर कळवावं तितकं बरं.

गाडी चालवणाऱ्याला फोन करण्याबद्दल थोडंच, कारण दंड आणि कायदा सगळ्यांना माहीत आहे. माहीत नसतं ते हे की कानात इअरफोन घातल्याने धोका टळत नाही. टोरंटोतल्या ६९९ वाहनचालकांच्या १९९७ मधल्या अभ्यासात फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनांनी तो कमी झालेला दिसला नाही. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आला की बोलायचं थांबतो. द्वारका चौकातली गर्दी घरच्या सोफ्यावरून दिसत नाही. म्हणून "गाडीवर आहेस का?" हा प्रश्न उचलणाऱ्याच्या आधी करणाऱ्याने विचारायचा, आणि "हो" आलं तर फोन ठेवून द्यायचा. रागावून नव्हे.

आणि १०८. २०१४ पासून राज्यात ही रुग्णवाहिका सेवा आहे. घाबरलेला माणूस फोन लागताच आजारापासून सुरुवात करतो, "छातीत दुखतंय, काल रात्रीपासूनच जरा..." तेवढ्यात रेंज जाते. पलीकडच्याला दुखणं कळलं, माणूस कुठे आहे ते कळलं नाही. आधी ठिकाण सांगावं: गाव, तालुका, ओळखीची खूण. नुसतं 'पिंपळगाव' सांगून भागत नाही. बसवंत निफाड तालुक्यात, वाखारी देवळ्यात, बहुला सातपूरच्या शेजारी. त्यानंतर काय झालंय, रुग्ण शुद्धीत आहे का, श्वास चालू आहे का. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नये, आणि नंतर तो नंबर मोकळा ठेवावा. गाडीचा माणूस रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन करणार असतो. त्या दहा मिनिटांत चार पाहुण्यांना बातमी सांगायचा मोह आवरावा.

सिन्नरच्या त्या घरात आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकोनात, आई युनिटचा आकडा लिहिते. मात्रा बदलली की मुलगा सांगतो, आई लिहिते आणि वाचून दाखवते: "सहा. पाचानंतरचा." तो "हो" म्हणाल्यावरच फोन ठेवते. मधे एकदा त्याने पुन्हा कारखान्यातूनच फोन केला, तर तिने आकडा लिहूनच घेतला नाही. म्हणाली, "आधी मशीन बंद कर, नाहीतर बाहेर ये. मग सांग."